ताम्हण की चिनी मेंदी? कोपरच्या अंगणातील दोन भावंडांची गोष्ट

महाराष्ट्राचे राज्यफूल कोणते, असा प्रश्न आला की स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा कोणीही क्षणात 'ताम्हण' असे उत्तर देतो. तेच फूल झाडावर दाखवून नाव विचारले, तर मात्र दहांपैकी आठ जण गप्प राहतात. उरलेल्या दोघांपैकी एक जण भलत्याच झुडपाकडे बोट दाखवतो. हा धागा त्या भलत्या झुडपाविषयी आहे आणि ज्याच्या नावावर ते खपते त्या झाडाविषयीही आहे. पावसाळा तोंडावर आला की आपल्या सोसायट्यांना वृक्षारोपणाची आठवण होते. तेव्हा दोन्ही रोपे आपल्या दारात येतात, आणि कोणते कुठे लावायचे याचा निर्णय बहुधा तीनशे वर्षांपूर्वीच्या नामकरणाच्या घोळावर सोपवला जातो.

आधी ओळख करून घेऊ. ताम्हण हा वृक्ष आहे. मोकळी जागा मिळाली तर तो तीन-चार मजल्यांची उंची सहज गाठतो. त्याची पाने वीतभर लांब होतात आणि गळण्यापूर्वी तांबूस पडतात. एप्रिल ते जून या काळात फांद्यांच्या टोकांना जांभळ्या फुलांचे उभे तुरे येतात. दुसरे रोप म्हणजे इंग्रजीत 'क्रेप मर्टल' म्हणतात ते. हिंदी पट्ट्यात त्याला सावनी म्हणतात, आणि काही माळी चिनी मेंदी. पाने दोन-तीन बोटे लांब, खोड गुळगुळीत, उंची बहुधा दहा-पंधरा फूट, फुले गुलाबी, पांढरी, किरमिजी किंवा जांभळी. बहर मुख्यतः पावसाळ्याच्या आगेमागे. दोघांच्याही फुलाला साधारणपणे सहा पाकळ्या असतात आणि त्या कशाबशा घडी घालून कोंबलेल्या रेशमी कापडासारख्या चुरगळलेल्या दिसतात. सारखेपणा एवढ्यावर संपतो. पण रोपवाटिकेतील पिशवीतले हातभर रोप पाहून हा फरक चटकन कळत नाही, आणि दोन्ही 'लेजरस्ट्रोमिया' याच नावाने विकली जातात.

तर हा लेजरस्ट्रोम कोण?

माग्नुस लेजरस्ट्रोम हा स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता. (होय, स्वीडिश लोकांचीही एक ईस्ट इंडिया कंपनी होती. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती येत नाही, कारण तिने आपल्याकडे राज्य केले नाही.) कंपनीचे मुख्य ठाणे गोथेनबर्ग बंदरात होते. पूर्वेकडून येणाऱ्या जहाजांतून चहा आणि चिनी मातीची भांडी उतरत, तशाच वाळवलेल्या वनस्पतीही उतरत. लेजरस्ट्रोम त्या आपला मित्र कार्ल लिनिअस याला पोहोचवी. लिनिअसने १७५९ मध्ये एका नव्या प्रजातीला मित्राचे नाव दिले, आणि लेजरस्ट्रोमही त्याच वर्षी वारला. पहिली जात जी नोंदली गेली तिचे नाव झाले 'लेजरस्ट्रोमिया इंडिका', म्हणजे भारतीय. वस्तुतः हे झुडूप मूळचे चीन आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातले. त्या काळच्या युरोपीय व्यापाऱ्याच्या लेखी आफ्रिकेला वळसा घातल्यानंतर जे काही लागे ते सारे 'इंडीज'च होते, आणि लॅटिन नावाने तो ढोबळपणा कायमचा करून टाकला.

म्हणजे नावाने जी भारतीय आहे ती भारताची नाही. मग जे झाड खरोखर इथले आहे, त्याला काय नाव मिळाले?

ताम्हणाची गोष्ट त्याहून जुनी आहे. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन रीड याने मलबारच्या वनस्पतींवर जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, तो 'हॉर्टस मलबारिकस' १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. ताम्हण त्यात 'अदंबो' या मल्याळी नावाने आले आहे. हा ग्रंथ एकट्या डच साहेबाच्या विद्वत्तेवर उभा नाही, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य यांनी त्यासाठी माहिती पुरवली. या तिघांचे नागरी लिपीतील निवेदन पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले आहे. त्यावर १६७५ ची तारीख आहे. नागरी अक्षरे युरोपात छापली गेल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत ते मोडते. रायगडावर शिवराज्याभिषेक झाला त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या किनारपट्टीवरचे तीन वैद्य झाडांची नावे आणि गुण सांगत बसले होते, आणि ते ज्ञान ॲमस्टरडॅमच्या छापखान्याकडे निघाले होते. ही दोन चित्रे एकाच दशकातली आहेत, हे मला नेहमी विलक्षण वाटते.

पुढे लिनिअसने या झाडाला १७७० मध्ये 'मुंखहाउझिया स्पेसिओसा' असे नाव दिले. ओटो फॉन मुंखहाउझेन हा जर्मन जमीनदार आणि वनस्पतिप्रेमी. थापाड्या म्हणून जगभर गाजलेला बॅरन मुंखहाउझेन त्याच घराण्यातला. ओटोने शेती, बाग आणि घरव्यवस्था यांवर 'डेर हाउसफाटर', म्हणजे साधारणपणे 'घरधनी', नावाची ग्रंथमाला चालवली होती. त्यातच हे नाव प्रथम छापले गेले. आपल्या ओहोळाकाठचे झाड युरोपीय शास्त्रात शिरले ते घरधन्यांच्या मार्गदर्शिकेतून! १७८० च्या दशकाच्या अखेरीस रेत्झियस या स्वीडिश अभ्यासकाने त्याला 'फ्लॉस रेजिनी', राणीचे फूल, असे म्हटले. रॉक्सबर्गनेही राणीचेच नाव पुढे चालवले. १८०६ मध्ये पर्सूनने ते लेजरस्ट्रोमच्या घरात आणून बसवले आणि 'लेजरस्ट्रोमिया स्पेसिओसा' हे नाव रूढ झाले. स्पेसिओसा म्हणजे देखणी.

या साऱ्या काळात कोकणातला माणूस त्याला तामण किंवा ताम्हणच म्हणत होता. थिओडोर कुक हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. त्यातही मथळ्याला राणी आहे आणि स्थानिक नावांत 'तामण' आहे. पूजेच्या तांब्याच्या ताम्हणाशी या नावाचा संबंध अनेक जण जोडतात आणि तांबूस पानांचा दाखला देतात. केवळ ध्वनिसाम्यावरची व्युत्पत्ती मी स्वीकारणार नाही. पण झाड ओळखायला ती युक्ती वाईट नाही.

आता कोपरकडे येऊ. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवली यांच्यामधले हे स्थानक. वरून दिवा-वसई मार्ग जातो, खालून मुंबई-कल्याण. पश्चिमेला गावठाण, त्यापलीकडे उल्हासची खाडी आणि खारफुटी. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची रेल्वे सुरू झाली ती १ मे १८५४ रोजी, म्हणजे ऐन ताम्हणाच्या बहरात. त्याच तारखेला एकशे सहा वर्षांनी महाराष्ट्र राज्य झाले आणि पुढे हेच फूल राज्याचे मानचिन्ह ठरले. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण १ मे रोजी गाडीच्या खिडकीतून पाहायला कारण मिळते.

रेल्वेच्या आधी हा जलमार्ग होता. कल्याणहून समुद्राकडे निघालेले गलबत कोपरच्या खाडीवरूनच जाई. १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी शिवरायांच्या ताब्यात आली आणि लवकरच इथे जहाजबांधणी सुरू झाली. १६५९ च्या पोर्तुगीज कागदपत्रांत तिची धास्ती स्पष्ट दिसते. जहाजाला लाकूड लागते, आणि लाकडाचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर एक मजकूर हमखास फिरतो: महाराजांनी आंब्या-फणसाला हात लावू नका असे पत्र लिहिले होते, वगैरे. हा मजकूर ज्या स्वरूपात आपल्यापुढे आहे तो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला आहे, म्हणजे सुमारे १७१५ चा. शिवकालीन धोरणाची स्मृती त्यात आहे हे मान्य, पण ते महाराजांचे पत्र नव्हे. त्यातली भूमिका मोठी व्यवहारी आहे. आरमारासाठी अरण्यातले सागवानादी वृक्ष परवानगीने घ्यावेत, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावेत, आणि रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेली फळझाडे तोडून तिला दुःख देऊ नये.

मला त्यातले 'आदी' खुणावते. सागवानाला नाव आहे, आंब्या-फणसाला नाव आहे. बाकीचे सारे अरण्य त्या एका प्रत्ययात मावले आहे. ताम्हणाचे लाकूड हलक्या प्रतीचे नव्हे. बंगालमध्ये, विशेषतः चितगावच्या नौकाबांधणीत, जारूळ म्हणून ते नावाजलेले आहे, कारण ते पाण्यात टिकते. आपल्याकडे सागाची एवढी श्रीमंती होती की ताम्हणाला कारागिरांच्या जगात दुसरे स्थानही कष्टाने मिळाले असते. झाड टिकते ते अनेकदा त्याच्याविषयी कोणाला फारशी फिकीर नसते म्हणून. त्याच कुळातले नाणा आणि बोंडारा तर आजही फक्त जंगल फिरणाऱ्यांना ठाऊक आहेत.

याउलट चिनी मेंदीच्या वाट्याला आरंभापासून दरबार आला. तिला चिनी भाषेत 'झ्वेई' म्हणतात. सम्राटाच्या प्रासादाचे प्रतीक मानल्या गेलेल्या तारकापुंजाचे नाव उच्चाराने तेच. ७१३ मध्ये तांग सम्राट श्वानझोंगच्या राजवटीत राजसचिवालयालाच हे नाव देण्यात आले आणि त्याच्या अंगणात ही झाडे शोभू लागली. नाव चारेक वर्षांतच बदलले, झाडे मात्र राहिली. शंभर वर्षांनी बाय ज्युई हा कवी त्याच कचेरीत नोकरीला होता. संध्याकाळी एकट्याने बसण्यातली या फुलांची सोबत त्याने कवितेत आणली. चिनी लोक तिला 'शंभर दिवस लाल' असेही म्हणतात, तर जपानी 'सारुसुबेरी', म्हणजे माकड घसरेल इतक्या गुळगुळीत खोडाची. अठराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिज्ञाने ती अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, चार्ल्स्टनला नेली असे मानतात. तिथे ती इतकी रुजली, की आज अनेकांना ती तिथलीच वाटते.

अमेरिकेतला एक प्रसंग आपल्या उपयोगाचा आहे. या झुडपाला भुरी फार लागते. पाने पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी होतात आणि कळ्या उमलत नाहीत. १९५६ मध्ये जपानच्या याकुशिमा बेटावरून जॉन क्रीच यांनी एका भाऊबंद जातीचे बी अमेरिकेत आणले. तिला भुरी सहसा लागत नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात डोनाल्ड एगॉल्फ यांनी तिचा संकर करून अनेक वाण काढले आणि त्यांना तिथल्या आदिवासी जमातींची नावे दिली. पांढऱ्या फुलांचा 'नॅचेझ' त्यांतलाच. पुन्हा नावांचा तोच खेळ. ज्यांची जमीन गेली, त्यांची नावे रोपांच्या चिठ्ठ्यांवर उरली.

एका नावाचे मात्र मला कौतुक वाटते. इंग्रजीतले 'मर्टल' चुकीचे आहे, मर्टलचे कूळ वेगळे. आपल्या माळ्यांचे 'चिनी मेंदी' मात्र शास्त्राच्या कसोटीला उतरते! मेंदी, ताम्हण, चिनी मेंदी, एवढेच काय, डाळिंबसुद्धा आजच्या वर्गीकरणात एकाच कुळात येतात. डाळिंबाचे फूल नीट पाहा, पाकळ्या तशाच चुरगळलेल्या दिसतील.

मग कोपरच्या इमारतीत काय लावावे? माझे मत असे: जिथे मातीत थेट लावता येईल, भिंतीपासून चारपाच मीटर अंतर मिळेल आणि वरून विजेची तार जात नसेल, तिथे ताम्हणच लावावे. कुंडी, ड्रम, गच्ची किंवा फाटकाजवळची चिंचोळी पट्टी असेल, तर चिनी मेंदी. तिला परकी म्हणून नाकारण्याचे कारण नाही. ती शेकडो वर्षे बागेत राहिली आहे आणि जंगलात घुसखोरी केल्याबद्दल आपल्याकडे बदनामही नाही. चूक होते ती अदलाबदलीत. ताम्हण म्हणून झुडूप लावले की दहा वर्षांनीही सावली मिळत नाही. झुडूप समजून ताम्हण खिडकीखाली लावले की पाचव्या वर्षी करवत येते.

रोप निवडताना फुलाची वाट पाहू नका, पान पाहा. तळहाताहून मोठे, लांबट, जरा चामड्यासारखे पान असेल तर ताम्हण; लहान, जवळजवळ देठहीन, गोलसर पान असेल तर चिनी मेंदी. पिशवीच्या तळातून मुळ्या बाहेर येऊन वेटोळे घालून बसलेले उंच रोप घेण्यापेक्षा बुटके, सरळ शेंड्याचे घ्यावे. उन्हाच्या बाबतीत दोघांचाही हट्ट सारखाच आहे: दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन. दोन इमारतींमधल्या बोळात दोन्ही वाढतील, पण फुलणार नाहीत, आणि चिनी मेंदीवर भुरी हमखास येईल.

जमिनीचा प्रश्न आपल्याकडे निराळा आहे. खाडीलगतच्या कितीतरी इमारती भरावावर उभ्या आहेत. दोन फूट खणले की विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि प्लास्टिक निघते. तो राडारोडा उपसून दूर टाकावा लागतो. त्यावरच वीतभर लाल माती पसरून भागत नाही. ताम्हणाला ओल चालते, ओहोळाकाठी ते मुळात वाढतेच. पण ओहोळाचे पाणी गोडे असते, खाडीचे खारे. भरतीचे पाणी जिथे गटारातून मागे चढते तिथे खड्ड्यापेक्षा उंचवटा करून लावणे बरे. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाल्यावर लावावे, मातीत कुजलेले शेणखत मिसळावे आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी द्यावे. युरिया टाकल्यास पाने भरपूर येतील आणि फुले रुसतील. आळ्यात पालापाचोळा घालावा, पण खोडाला टेकवू नये. आणि कृपा करून खोडाभोवती सिमेंटचा कट्टा बांधू नये. आमच्या इमारतीत एका ताम्हणाला गळ्यापर्यंत लादी आणि तिच्यावर 'झाडे लावा' अशी पाटी, हे दृश्य मी बारावीपासून पाहत आले आहे.

चिनी मेंदीवर मावा बसला तर पाने चिकट होतात आणि मग त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. पाण्याचा जोरदार फवारा आणि गरज पडल्यास कडुनिंबाचे तेल यांवर बहुतेक वेळा भागते. भुरी धरलेली टोके कापून टाकावीत, फांद्यांमधून वारा खेळेल असे पाहावे.

छाटणीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण झाडे मरतात ती इथे. चिनी मेंदी नव्या फुटीवर फुलते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत हलकी छाटणी करतात: वाळलेल्या, एकमेकांना घासणाऱ्या आणि बुंध्यातून फुटलेल्या नको त्या फांद्या काढायच्या. पण 'नव्या फुटीवर फुलते' या वाक्याचा विपर्यास करून अमेरिकेच्या दक्षिणेत दरवर्षी सगळ्या फांद्या एका उंचीवर छाटून ठुंठ उभे करण्याची रीत पडली. तिथल्या बागप्रेमींनी त्या रीतीला सरळ 'क्रेप मर्डर' म्हणायला सुरुवात केली. छाटलेल्या गाठींतून छडीसारखे लवचीक फुटवे येतात, ते फुलांच्या भाराने वाकतात, आणि तो गुळगुळीत बहुरंगी बुंधा, ज्यासाठी ते लावायचे, त्याची शोभा जाते.

आपल्याकडे हा प्रकार पावसाळ्यापूर्वी होतो आणि बळी जाते ते ताम्हण. मे महिन्यात, तुरे अंगावर असताना, शेंडाच उडवला जातो. झाड मग पडत नाही, हा समजही खोटा. उडवलेल्या शेंड्याच्या जखमेतून पाणी मुरते, खोड आतून कुजते, आणि वरचे नवे फुटवे कमकुवत जोडाचे असल्याने तेच पहिल्या वादळात मोडतात. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षण कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला इजा पोहोचवणेही येते, हे सोसायटीच्या बैठकीत सांगून पाहावे. परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची लागते, सचिवांची नव्हे. खरोखर धोकादायक फांदी असेल तर ती मुळाशी, खोडाच्या कडेजवळून काढायची. मधूनच तोडायची नाही.

ज्यांना रोप विकत घ्यायचे नाही त्यांच्यासाठी: चिनी मेंदी छाट कलमाने सहज येते, पेन्सिलीएवढी काडी पुरते. ताम्हण बियांपासून करावे. फुलानंतर आलेली बोंडे हिरवी असतात, पुढे ती काळपट आणि लाकडासारखी कठीण होतात. थंडीच्या अखेरीस ती बहुधा सहा फाकांनी उकलतात, आणि रिकामी झाली तरी बराच काळ फांदीवर राहतात. ताम्हण ओळखण्याची बिनफुलाच्या दिवसांतली हीच सर्वांत सोपी खूण. आतल्या बियांना चपटे पंख असतात. उकलू लागलेली बोंडे कागदी पिशवीत घालून उन्हात ठेवावीत, बी आपोआप सुटते. ते फार खोल पेरू नये, वरून मातीचा पातळ थर पुरे. अनेक बिया पोकळ निघतात, म्हणून दहा रोपे हवी असतील तर शंभर बिया पेराव्यात.